डिस्ट्रिब्युटेड स्टोरेजमध्ये टाइमआउट किती ठेवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅसँड्रा, एटसीडी, झूकीपर, एचबेस, एचडीएफएस किंवा सेफ अशा, अनेक मशीनवर मिळून डेटा ठेवणाऱ्या सिस्टिम सांभाळणाऱ्या मंडळींकडून टाइमआउटबद्दल, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट पाहायची याबद्दल, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल, आणि जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. डिफॉल्ट आकडे आवृत्तीनुसार बदलतात, तेव्हा आपली कॉन्फिग फाइल उघडून खात्री करा.

१. टाइमआउट आला म्हणजे समोरचा नोड पडला, असं समजायचं का?

नाही. ठरवलेल्या वेळात उत्तर आलं नाही, एवढंच टाइमआउट सांगतो. नोड, म्हणजे सिस्टिममधलं एक मशीन, पडला असेल, नेटवर्क तुटलं असेल, गार्बेज कलेक्शनमुळे (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करण्याच्या कामामुळे) प्रोसेस थबकली असेल, डिस्कसमोर रांग लागली असेल. काम नीट पार पडून फक्त उत्तर वाटेत हरवलं असेल, असंही होतं. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळं एकसारखंच दिसतं.

ही अडचण कोड नीट लिहून सुटणारी नाही. निरोप पोचायला जास्तीत जास्त किती वेळ लागेल याची हमी नसेल आणि एखादी जरी प्रोसेस बंद पडू शकत असेल, तर सगळ्यांचं एकमत दर वेळी होईलच अशी ठाम पद्धत अस्तित्वात असू शकत नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्ये सिद्ध केलं. टाइमआउट ही त्या कोंडीतून काढलेली व्यवहारी वाट आहे. तो एक अंदाज असतो, आणि अंदाज कधी ना कधी चुकतोच. म्हणून आकडा ठरवताना आधी हे पाहायचं: अंदाज चुकला तर काय मोजावं लागेल? पुढची जवळजवळ सगळी उत्तरं याच प्रश्नाभोवती फिरतात.

२. कॉन्फिग फाइलमध्ये डझनभर टाइमआउट दिसतात. सगळे एकाच जातीचे का?

नाही. ढोबळमानाने चार जाती आहेत. कनेक्शन जोडण्याचा टाइमआउट. एका रिक्वेस्टची वाट पाहण्याचा टाइमआउट. नोडला मृत ठरवण्याचा टाइमआउट. आणि लीज किंवा सेशनची मुदत, म्हणजे एखादा हक्क किती वेळ चालेल ते.

पहिल्या दोन चुकल्या तर एक रिक्वेस्ट वाया जाते. तिसरी चुकली तर सगळा क्लस्टर, म्हणजे नोडचा समूह, हलतो: नेता (समूहाचा प्रमुख नोड) बदलतो, डेटाच्या नव्या प्रती बनू लागतात. चौथी चुकली, किंवा तिची मुदत दोन्ही बाजूंनी वेगवेगळी मोजली गेली, तर डेटा बिघडू शकतो. त्यामुळे रिक्वेस्टचा टाइमआउट आवळायला मी फारसा कचरत नाही, पण नोडला मृत ठरवण्याच्या आकड्याला हात लावण्याआधी दोनदा विचार करतो.

३. सुरुवातीला आकडा आणायचा कुठून? डिफॉल्टच ठेवले तर चालेल का?

सुरुवातीला चालेल. पण डिफॉल्ट हे कुणाच्या तरी सरासरी क्लस्टरसाठी असतात आणि तुमची डिस्क, तुमचं नेटवर्क त्यांना माहीत नसतं.

मोजायची रीत अशी. क्लायंटच्या बाजूने उत्तराचा वेळ मोजा आणि सरासरीकडे दुर्लक्ष करून ९९.९ पर्सेंटाइल पाहा. म्हणजे हजारातल्या ९९९ रिक्वेस्ट किती वेळात परततात ते. हे माप शांत दुपारी घेऊ नका. कॉम्पॅक्शन (जुन्या डेटा फाइल एकत्र करण्याचं काम) चालू असताना, बॅकअपच्या वेळी, एक नोड मुद्दाम बंद ठेवून घ्या, कारण टाइमआउटची खरी गरज त्याच वेळी पडते. त्या आकड्याच्या वर थोडी मोकळीक ठेवली की सुरुवातीचा टाइमआउट मिळतो. ९९ पर्सेंटाइलवर टाइमआउट लावला तर सगळं सुरळीत असतानाही शंभरातली एक रिक्वेस्ट तुम्ही स्वतःच मारता, आणि ती पुन्हा पाठवली जाते.

दुसरी मर्यादा वरून येते. वापरणारा माणूस किंवा वरची सेवा किती थांबणार? वरची सेवा ८०० मिलिसेकंदांत हात झटकणार असेल, तर स्टोरेजला ५ सेकंद देण्यात अर्थ नाही. दोन्ही मर्यादांमध्ये जागाच उरत नसेल, तर दुखणं टाइमआउटचं नाही. क्वेरी, डेटा मॉडेल किंवा डिस्क बदलावी लागेल.

४. कॅसँड्रामध्ये वाचनाला ५ सेकंद आणि लेखनाला २ सेकंद, असा भेद का?

कारण कामच वेगळं आहे. लेखन म्हणजे कमिट लॉगला, डिस्कवरच्या नोंदवहीला, जोड आणि मेमरीतली नोंद. वाचनाला कदाचित अनेक एसएसटेबल, म्हणजे डिस्कवरच्या डेटा फाइल, धुंडाळाव्या लागतात. पल्ल्याच्या वाचनाला, म्हणजे रेंज क्वेरीला, डिफॉल्ट १० सेकंद आहेत आणि ट्रंकेटला, म्हणजे टेबल रिकामं करायला, ६०. सगळ्यांना एकच आकडा लावणारी कॉन्फिग दिसली की ती कुणीतरी घाईत लिहिली आहे असं खुशाल समजा.

५. लेखनाला टाइमआउट आला. डेटा लिहिला गेला की नाही?

सांगता येत नाही, आणि हेच अधिकृत उत्तर आहे. ही सगळ्यात जास्त वेळा होणारी गफलत असल्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तीन प्रती आणि कोरम पातळी, म्हणजे बहुमताचा होकार, धरा. कोऑर्डिनेटर (तुमची रिक्वेस्ट घेणारा नोड) लेखन तिन्ही नोडना पाठवतो आणि दोघांच्या होकाराची वाट पाहतो. एकानं लिहून होकार दिला, उरलेले दोघे २ सेकंदांत बोलले नाहीत, की तुम्हाला टाइमआउट मिळतो. पण ज्यानं लिहिलं त्याची नोंद कुणीही मागे घेत नाही. कॅसँड्रात रोलबॅक नाही. उरलेल्या दोघांनी तिसऱ्या सेकंदाला लिहिलेलंही असू शकतं. पुढच्या एखाद्या वाचनात तीच नवी किंमत सापडते, रीड रिपेअरमुळे (वाचताना मागे राहिलेल्या प्रती दुरुस्त करण्यामुळे) ती इतर प्रतींवर पसरते, आणि ‘अयशस्वी’ म्हणून लॉगमध्ये टाकलेलं लेखन थोड्या वेळानं जिवंत दिसतं. टाइमआउटला अपयश मानून ग्राहकाला ‘व्यवहार झाला नाही’ असं सांगणारा कोड इथेच फसतो.

कॅसँड्रा टाइमआउटसोबत लेखनाचा प्रकारही कळवतो. तो जरूर वाचा. साधं लेखन असेल तर तेच पुन्हा पाठवता येतं. लॉग्ड बॅचमध्ये, म्हणजे आधी नोंद करून एकत्र पाठवलेल्या लेखनांच्या गठ्ठ्यात, ‘बॅच लॉग’ हा प्रकार आला तर बॅचची नोंद पक्की झाली की नाही हे ठाऊक नाही, म्हणून पुन्हा पाठवा. नुसता ‘बॅच’ आला तर नोंद पक्की झाली आहे आणि बॅच आज ना उद्या लागू होईल. ‘काउंटर’ आला तर थांबा, पुन्हा पाठवलं तर मोजणी दोनदा होईल. ‘कॅस’, म्हणजे अट घालून केलेलं लेखन असेल, तर सीरियल पातळीवर वाचन करा. त्या वाचनात अर्धवट राहिलेला निर्णय तडीला जातो आणि खरी स्थिती कळते.

एक बारीक खोच आणखी. ॲप्लिकेशननं पुन्हा पाठवलेल्या लेखनाला नवा टाइमस्टँप लागतो. दरम्यान दुसऱ्या कुणी तीच ओळ बदलली असेल, तर तुमची जुनी किंमत नव्या टाइमस्टँपच्या जोरावर त्याच्या किमतीवर चढून बसते. असं होऊ द्यायचं नसेल तर टाइमस्टँप स्वतः द्या आणि पुन्हा पाठवतानाही तोच ठेवा.

६. मग रिट्राय, म्हणजे पुन्हा प्रयत्न, किती वेळा करायचा?

काम दोनदा झालं तरी परिणाम एकदाच होतो, अशा कामांपुरताच रिट्राय (कोणती कामं तशी नाहीत ते प्रश्न ५ मध्ये आहे). आणि रिट्राय एकाच थरात. तीन थर आणि प्रत्येकात तीन प्रयत्न असले, तर तळाच्या डेटाबेसवर एका रिक्वेस्टच्या २७ होतात. त्याही नेमक्या तो धापा टाकत असताना.

दोन प्रयत्नांमधलं अंतर दर वेळी वाढवत न्या आणि त्यात थोडा यादृच्छिकपणा मिसळा, नाहीतर एकाच क्षणी टाइमआउट झालेले हजार क्लायंट एकाच क्षणी परत धडकतात. याच्या जोडीला रिट्रायचं बजेट ठेवा: एकूण रिक्वेस्टच्या, समजा, १० टक्क्यांपलीकडे रिट्राय गेले की ते थांबवायचे. माझ्या मते प्रयत्नांची संख्या ठरवण्यापेक्षा हे बजेट जास्त महत्त्वाचं आहे, कारण संकटात संख्या गुणाकार करत जाते आणि बजेट मात्र मर्यादेत राहतं.

७. क्लायंटचा टाइमआउट सर्व्हरपेक्षा मोठा हवा की लहान?

साधा नियम: बाहेरचा टाइमआउट आतल्यापेक्षा थोडा मोठा. म्हणजे सर्व्हर आधी हात टेकतो आणि काय बिनसलं ते नेमकं सांगतो. कॅसँड्राच्या जावा ड्रायव्हरच्या (ॲप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीच्या) ३ मालिकेत क्लायंटचा डिफॉल्ट १२ सेकंद होता, सर्व्हरच्या ५ पेक्षा सरळ मोठा. ४ मालिकेत तो २ सेकंद झाला. ड्रायव्हर बदलल्यावर ‘अचानक टाइमआउट वाढले’ अशी तक्रार येते त्याचं कारण बहुधा हेच असतं. क्लायंट २ सेकंदांत निघून जातो आणि कोऑर्डिनेटर आणखी ३ सेकंद कुणालाच नको असलेल्या उत्तरामागे राबत असतो.

लॉगमधली चूक कोणत्या नावाची आहे ते पाहा. ‘ड्रायव्हर टाइमआउट’ असेल तर क्लायंट थकला, ‘रीड टाइमआउट’ असेल तर कोऑर्डिनेटरनं प्रतींची वाट पाहून हार मानली. उपाय दोन्हीकडे वेगळे आहेत.

उत्तर त्वरेनं हवंच असेल आणि क्लायंटचा आकडा लहान ठेवणं भाग असेल, तर सर्व्हरचाही खाली आणा. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टसोबत अंतिम मुदत पुढे पाठवणं. जीआरपीसीमध्ये (सेवांनी एकमेकींना रिक्वेस्ट पाठवण्याच्या एका पद्धतीत) ही सोय आहे. मुदत उलटली की मधला प्रत्येक थर काम सोडून देतो.

८. टाइमआउट खूप येताहेत. आकडा वाढवला की प्रश्न सुटेल का?

कधी कधी. बऱ्याचदा उलटं होतं.

सेकंदाला २,००० रिक्वेस्ट येतात आणि प्रत्येकीला १० मिलिसेकंद लागतात, तर कुठल्याही क्षणी सुमारे २० रिक्वेस्ट वाटेत असतात. हा लिटल यांचा नियम आहे. आता डिस्क अडकली आणि प्रत्येक रिक्वेस्ट ५ सेकंदांच्या टाइमआउटपर्यंत लटकू लागली, तर वाटेतल्या रिक्वेस्ट १०,००० होतात. तेवढे थ्रेड, तेवढी मेमरी, तेवढी कनेक्शन. टाइमआउट १० सेकंद केला तर २०,०००. म्हणजे एका नोडचं दुखणं सगळ्या ॲप्लिकेशनभर पसरवायची सोय आपणच करून देतो.

दुसरी बाजूही खरी आहे. काम खरोखर मोठं झालं असेल आणि टाइमआउट जुनाच असेल, तर रिक्वेस्ट कधीच पूर्ण होत नाही. ती फक्त पुन्हा पुन्हा सुरू होते. २० सप्टेंबर २०१५ रोजी ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेत हेच घडलं. नेटवर्क थोडा वेळ गडबडल्यावर स्टोरेज सर्व्हरनी आपापल्या सदस्यत्वाची (डेटाचे कोणते भाग आपल्याकडे आहेत याची) माहिती मेटाडेटा सेवेकडे मागितली. नव्या प्रकारच्या इंडेक्समुळे ही माहिती पूर्वीपेक्षा बरीच फुगली होती आणि ती ठरलेल्या वेळेत येईना. सर्व्हर पुन्हा मागत राहिले आणि ग्राहकांच्या रिक्वेस्ट घेणं त्यांनी थांबवलं. मेटाडेटा सेवा इतकी दबली की तिला जास्त क्षमता जोडायची तर तेवढंही काम ती घेईना. शेवटी त्या सेवेकडे जाणाऱ्या रिक्वेस्ट थांबवूनच क्षमता वाढवावी लागली. नंतरच्या दुरुस्त्यांमध्ये दोन गोष्टी होत्या: माहिती मागण्याचा वेग कमी केला आणि उत्तरासाठी दिलेला वेळ वाढवला.

तेव्हा आकडा वाढवण्याआधी पाहा: वेळ काम करण्यात जातोय की रांगेत उभं राहण्यात? कामात जात असेल तर वाढवा. रांगेत जात असेल तर येणारा भार कमी करा.

९. एटसीडीमध्ये नेता सारखा बदलतो. इलेक्शन टाइमआउट वाढवू का?

आधी डिस्क तपासा. हार्टबीट म्हणजे नेता ठरावीक वेळानं पाठवतो तो ‘मी जिवंत आहे’ हा निरोप; इलेक्शन टाइमआउट इतका वेळ तो आला नाही की नव्या नेत्याची निवडणूक लागते. डिफॉल्ट हार्टबीट १०० मिलिसेकंद आणि इलेक्शन टाइमआउट १,००० मिलिसेकंद आहे. एकाच डेटा सेंटरमध्ये हे भरपूर आहे. तिथे नेटवर्क क्वचितच दोषी निघतं. एटसीडी प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की करतो, आणि डिस्क मंद असली की नेत्याच्या हार्टबीट उशिरा निघतात. हार्टबीट वेळेवर पाठवता आली नाही, बहुधा डिस्क मंद आहे, असा इशारा लॉगमध्येच छापलेला असतो. तो वाचायचा सोडून लोक आकडे बदलत बसतात. राइट अहेड लॉगच्या एफसिंकचा, म्हणजे नोंद डिस्कवर पक्की करायला लागणाऱ्या वेळाचा, ९९ पर्सेंटाइल १० मिलिसेकंदांच्या आत हवा. दुसऱ्या कुठल्या जड कामासोबत डिस्क वाटून घेतली असेल तर आधी ती वेगळी करा.

डिस्क ठीक असूनही नेता बदलत असेल तर मग आकडे. हार्टबीट सदस्यांमधल्या सर्वात मोठ्या राउंड ट्रिपच्या (जाण्या-येण्याच्या वेळाच्या) आसपास, इलेक्शन टाइमआउट त्या राउंड ट्रिपच्या किमान दहापट. सगळ्या सदस्यांवर आकडे एकच हवेत. एकावर वेगळा असेल तर तो सदस्य विनाकारण निवडणुका लावत राहतो. वरची कमाल मर्यादा ५० सेकंद आहे.

१०. आमचे नोड वेगवेगळ्या शहरांत आहेत. मग काय बदलतं?

प्रकाशाचा वेग बदलत नाही, बाकी सगळं बदलतं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुणे ते चेन्नई सरळ रेषेत साधारण ९०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ९ मिलिसेकंद. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत नसते, तेव्हा जास्तच. मुंबई ते उत्तर व्हर्जिनिया सुमारे १२,८०० किलोमीटर. तिथे तळच १३० मिलिसेकंदांच्या आसपास आहे. त्याखालचा कुठलाही टाइमआउट म्हणजे शंभर टक्के अपयश.

पुणे आणि चेन्नईमध्ये एटसीडीचे डिफॉल्ट आकडे सहसा पुरतात. खंड ओलांडताना प्रश्न ९ मधल्या नियमानं नव्यानं मोजा. दोनच शहरं असतील तर एक गोष्ट टाइमआउटच्या आवाक्याबाहेर आहे: बहुमत कुठल्या तरी एका शहरात असणार, आणि तेच शहर गेलं तर दुसरं आपोआप कारभार हाती घेऊ शकत नाही. त्यासाठी तिसरी जागा हवी. कुठलाही आकडा तिची उणीव भरून काढत नाही.

११. एचडीएफएस पडलेल्या नोडला मृत म्हणायला साडेदहा मिनिटं लावतो. इतकं का?

हिशेब असा: डेटानोड, म्हणजे डेटा साठवणारा नोड, दर ३ सेकंदांनी हार्टबीट पाठवतो. तपासणीचं अंतर ३०० सेकंद. सूत्र आहे तपासणीच्या अंतराची दुप्पट अधिक दहा हार्टबीट, म्हणजे ६३० सेकंद.

इतकं थांबायचं कारण पुढच्या कृतीत आहे. नोड मृत ठरला की त्याच्यावरच्या प्रत्येक ब्लॉकची नवी प्रत बनवायला घेतात. नोडवर ४० टेराबाइट असतील तर तेवढं सगळं नेटवर्कवरून आणि इतरांच्या डिस्कवरून जाणार. नोड फक्त रीस्टार्ट होत असेल तर हा सगळा खटाटोप फुकट. उरलेल्या प्रती शाबूत असल्यानं वाट पाहणं स्वस्त पडतं.

चांगल्या सिस्टिम इथे शंका आणि निवाडा वेगळे ठेवतात. एचडीएफएसमध्ये ३० सेकंद हार्टबीट आली नाही की नोड ‘स्टेल’ (शिळा) ठरतो, आणि तसं सेटिंग चालू केलं तर वाचनाच्या यादीत त्याला शेवटी ढकललं जातं. सेफमध्ये २० सेकंदांनी ओएसडी (डिस्क सांभाळणारी प्रोसेस) ‘डाउन’ ठरतो, तेही निदान दोघांनी तक्रार केली तर, आणि डेटा हलवायला लावणारी ‘आउट’ ही अवस्था त्यानंतर ६०० सेकंदांनी येते. ठरवून देखभाल करायची असेल तर सेफमध्ये आकड्यांशी खेळू नका. ‘नोआउट’ फ्लॅग लावा, आणि काम झालं की आठवणीनं काढा.

१२. फेलओव्हर, म्हणजे पडलेल्या नोडचं काम दुसऱ्याकडे सोपवणं, जितक्या लवकर तितका चांगला ना?

दोन नोड शेजारच्या रॅकमध्ये असतील आणि प्रती सिंक्रोनस (प्रत्येक लेखन दोन्हीकडे पक्कं करणाऱ्या) असतील तर हो. पण दूरच्या, मागे रेंगाळणाऱ्या प्रतीकडे जायचं असेल तर घाई महागात पडते.

२१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहबच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केंद्रात ऑप्टिकल उपकरण बदलताना नेटवर्क ४३ सेकंद तुटलं. तेवढ्यात फेलओव्हर सांभाळणाऱ्या ऑर्केस्ट्रेटरच्या उरलेल्या नोडनी बहुमत जमवलं आणि मायएसक्यूएल डेटाबेसचं प्रमुखपद पश्चिम किनाऱ्याकडे सोपवलं. नेटवर्क परत आलं तेव्हा पूर्वेकडे काही सेकंदांचं असं लेखन होतं जे पश्चिमेला पोचलंच नव्हतं, आणि पश्चिमेनं दरम्यान नवं लेखन स्वीकारलेलं. दोन्हीपैकी काहीच टाकून देता येईना. शिवाय पूर्वेकडचे ॲप्लिकेशन आता प्रत्येक लेखनासाठी देश ओलांडत होते. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. गिटहबनं डेटाच्या सचोटीला प्राधान्य दिलं आणि त्यासाठी हा वेळ सोसला. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. पुढे त्यांनी प्रदेशाची सीमा ओलांडून आपोआप बढती देणं बंद केलं.

यातून मी घेतलेला नियम: जे सहज मागे फिरवता येतं त्याला सेकंदांचा टाइमआउट, जे फिरवता येत नाही त्याला मिनिटांचा, आणि शक्य असेल तर माणसाचा होकार.

१३. आकडा न देता सिस्टिमनं स्वतःच शिकून घेतलं तर?

त्यासाठीच फाय ॲक्रुअल डिटेक्टर आहे. जपानमधल्या संशोधकांनी तो २००४ मध्ये मांडला. हार्टबीटमधली अंतरं बघत बघत तो ‘हा नोड गेला असावा’ या संशयाचा चढता आकडा देतो आणि उंबरठा आपण ठरवतो. कॅसँड्रात डिफॉल्ट उंबरठा ८ आहे. हार्टबीट सरासरी सेकंदाला एक येत असेल तर तो साधारण १८ सेकंदांनी ओलांडला जातो. क्लाउडवरच्या अस्थिर नेटवर्कसाठी १० ते १२ ची शिफारस असते, आणि १२ म्हणजे सुमारे २८ सेकंद. मागच्या अनुभवावरून पुढचं सांगण्याची मर्यादा यालाही आहेच: महिनाभर शांत असलेल्या नेटवर्कवर पहिला मोठा झटका आला की तोही चुकतो.

१४. झूकीपरला ६० सेकंदांचं सेशन मागितलं, तरी ४० सेकंदांत तुटतं. असं कसं?

सेशनची मुदत क्लायंट मागतो, पण ठरवतो सर्व्हर. टिक टाइमच्या (झूकीपरच्या वेळ मोजण्याच्या एककाच्या) दुपटीपासून वीसपटीपर्यंतच मुदत मिळते. नेहमीच्या कॉन्फिगमध्ये टिक २ सेकंदांचा असतो, म्हणजे ४ ते ४० सेकंद. जास्त मागितलं तर निमूटपणे ४० दिले जातात. एचबेसवाल्यांना याचा फटका जास्त बसतो, कारण एचबेसचा स्वतःचा डिफॉल्ट ९० सेकंद आहे आणि बाहेरचा झूकीपर वापरला की तो कापला जातो. झूकीपरच्या बाजूची कमाल मर्यादा वाढवा.

१५. लीज संपली, पण नेता गार्बेज कलेक्शनमध्ये अडकला होता. जागा झाल्यावर तो लिहू लागला तर?

ही टाइमआउटनं न सुटणारी गोष्ट आहे. प्रोसेस थबकलेली असताना तिला वेळ गेल्याचं कळत नाही. जागी झाल्यावर ती पुढची ओळ चालवते, आणि ती ओळ लेखनाची असू शकते. लीज तपासणं आणि लिहिणं यांच्यामध्येही प्रोसेस थबकू शकते, म्हणून ‘लिहिण्याआधी लीज तपासू’ हा उपाय पुरा नाही.

अडवणूक लेखन स्वीकारणाऱ्या ठिकाणी व्हायला हवी. प्रत्येक नव्या नेत्याला चढता क्रमांक मिळतो आणि स्टोरेज जुन्या क्रमांकाचं लेखन नाकारतं. याला फेन्सिंग टोकन म्हणतात. एचबेस वेगळ्या वाटेनं तेच साधतो: मृत ठरवलेल्या रीजन सर्व्हरच्या (टेबलचे काही भाग सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या) लॉगची डिरेक्टरी आधी बाजूला केली जाते, मग तो परत आला तरी त्याला लिहिता येत नाही. फेन्सिंग असेल तर लीज लहान ठेवा, चूक फक्त वेळ खाईल. फेन्सिंग नसेल तर लीज कितीही मोठी करा, धोका कमी होईल पण जाणार नाही.

१६. नोड बंद होऊनही कनेक्शन पंधरा मिनिटं अडकून राहतं. टाइमआउट तर ५ सेकंदच आहे!

तो ५ सेकंदांचा टाइमआउट तुमच्या लायब्ररीचा आहे, कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) नव्हे. लिनक्समध्ये पोच न मिळालेला डेटा डिफॉल्टनं १५ वेळा पुन्हा पाठवला जातो, प्रत्येक वेळी जास्त थांबून. एकूण किमान ९२४ सेकंद, सव्वापंधरा मिनिटांच्या वर. तोवर कनेक्शन जिवंत समजलं जातं आणि पूल, म्हणजे उघड्या कनेक्शनचा साठा, त्यातूनच नव्या रिक्वेस्ट पाठवत राहतो. टीसीपी युझर टाइमआउट हे सॉकेट सेटिंग लावा. इथे कीपअलाइव्ह (शांत कनेक्शन जिवंत आहे का ते तपासणारा निरोप) कामाचा नाही, कारण पोचेची वाट पाहणारा डेटा असताना तो चालतच नाही.

कीपअलाइव्हची गरज दुसरीकडे आहे. लिनक्सचा डिफॉल्ट २ तासांचा आहे, तर अझ्युअर क्लाउडचा लोड बॅलन्सर (भार अनेक सर्व्हरवर वाटणारा) निष्क्रिय कनेक्शन डिफॉल्टनं ४ मिनिटांत विसरतो आणि ॲमेझॉनचा नेटवर्क लोड बॅलन्सर ३५० सेकंदांत. रात्री शांत राहिलेल्या पूलमधली सकाळची पहिली रिक्वेस्ट टाइमआउट होते ती यामुळे. कीपअलाइव्ह त्या मर्यादेच्या बराच खाली आणा.

१७. टाइमआउटची वाट न पाहता दुसऱ्या प्रतीला विचारलं तर?

वाचनासाठी उत्तम युक्ती आहे. जेफ डीन आणि लुइझ बारोसो यांनी २०१३ मध्ये गूगलच्या बिगटेबल या डेटाबेसचं उदाहरण दिलं होतं: १० मिलिसेकंदांत उत्तर आलं नाही तर दुसरीकडे विचारायचं. ९९.९ पर्सेंटाइल १,८०० मिलिसेकंदांवरून ७४ वर आला, आणि जादा रिक्वेस्ट फक्त २ टक्के. कॅसँड्रात स्पेक्युलेटिव्ह रिट्राय हे टेबलचं सेटिंग तेच करतं, डिफॉल्ट ९९ पर्सेंटाइल. मात्र सगळेच नोड भारानं मंद झाले असतील तर ही युक्ती भार आणखी वाढवते, तेव्हा इथेही प्रश्न ६ मधलं बजेट लावा.

१८. सर्व्हरचं घड्याळ मागेपुढे झालं तर टाइमआउट बिघडतात का?

एकाच मशीनवर मोजताना बिघडू नयेत, जर कोड मोनोटॉनिक (फक्त पुढेच जाणारं) घड्याळ वापरत असेल. भिंतीवरच्या घड्याळासारख्या, मागेपुढे होऊ शकणाऱ्या वेळेची वजाबाकी करणारा कोड दिसला तर लगेच बदला. दोन मशीनमध्ये मात्र धोका राहतो. कॅसँड्रात क्रॉस नोड टाइमआउट चालू असेल (४.० पासून तो डिफॉल्टनं चालू आहे) तर प्रत ठेवणारा नोड रिक्वेस्टचं वय कोऑर्डिनेटरच्या घड्याळावरून ठरवतो. घड्याळं काही सेकंदांनी जुळत नसतील तर ताजी रिक्वेस्टही शिळी म्हणून टाकून दिली जाते. एनटीपीवर (मशीनची घड्याळं जुळवणाऱ्या सेवेवर) नजर ठेवा.

१९. नवे आकडे प्रॉडक्शनवर टाकण्याआधी कसे तपासायचे?

प्रोसेस मारून पाहणं पुरेसं नाही. प्रोसेस मेली की कर्नल कनेक्शन लगेच बंद करतो आणि क्लायंटला तत्काळ कळतं. टाइमआउटची परीक्षा होतच नाही. प्रोसेसला स्टॉप सिग्नल देऊन गोठवा, ३० सेकंदांनी पुन्हा चालू करा. प्रश्न १५ मधली परिस्थिती अशीच समोर येते. नेटवर्कसाठी लिनक्सच्या टीसी आणि नेटएम या साधनांनी उशीर आणि पॅकेटगळती घाला, आणि एकदा फक्त एकाच दिशेची वाहतूक तोडून पाहा. एकतर्फी तुटलेल्या जोडणीत हार्टबीट पोचतात आणि उत्तरं पोचत नाहीत. अशा वेळी कुठला टाइमआउट आधी वाजतो ते लिहून ठेवा, आणि वाजायला हवा तोच वाजला का ते पाहा.